कात्रीला भिणारा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, नाटकाचाही नव्हे. मी सिनेमाचा पडदा आहे. बोईसरजवळच्या सालवडमध्ये एक छोटंसं सभागृह आहे, तिथे मागच्या भिंतीपासून थोडं पुढे मला दोरीवर टांगलेलं असतं. माझ्या खालच्या अंगाला आडव्यातिडव्या शिवणी आहेत आणि एका कोपऱ्यात पिवळसर ठिगळ आहे. त्या शिवणी कशा आल्या, तेच तुम्हाला सांगायचं आहे. पण आधी एक कबूल करतो. मी फार भित्रा आहे. मला उंदरांची भीती वाटते, आगीची वाटते, बंद पेटीची वाटते. आणि सगळ्यांत जास्त वाटते ती कात्रीची.

माझा जन्म पालघरचा. जाडसर पांढऱ्या मांजरपाटाचे लांब पट्टे आणून दमयंतीबाईंनी मला शिवलं. त्यांच्या यजमानांची फिरती टॉकीज होती. जत्रा आली की तंबू ठोकायचा, यंत्र लावायचं आणि गावाला सिनेमा दाखवायचा. दमयंतीबाईंचा एक नेम होता. सुई हाती घेण्याआधी त्या कापडाला नमस्कार करायच्या आणि हाती घेतलेली शिवण पुरी होईपर्यंत बोलायच्या नाहीत. माझी पहिली आठवण शिवणीची नाही, त्याआधीची आहे. अंगावरून थंडगार पातं सरसरत गेलं आणि मी एकाचे दोन झालो. मी इतका शहारलो की घडीच विस्कटली. दमयंतीबाईंनी ती हाताने सारखी केली आणि हळूच म्हणाल्या, "भिऊ नको बाळा. कापल्याशिवाय जोडता येत नाही."

मला तेव्हा ते मुळीच पटलं नाही.

पहिल्या खेळाआधी त्यांनी माझ्यापुढे दिवा लावला, माझ्या वरच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट टेकवलं. तो डाग अजून आहे, फिकट झाला आहे इतकंच. मग अंधार झाला, यंत्र घरघरलं आणि माझ्या अंगावर एक माणूस चालू लागला. लोक माझ्या दोन्ही बाजूंना बसायचे. मागे बसणाऱ्यांना सगळं उलटं दिसायचं. नायक डाव्या हाताने तलवार फिरवायचा आणि देवीचा आशीर्वादही डाव्या हातानेच मिळायचा. तरी ते हात जोडायचे. आवाजाचा मोठा खोका माझ्या पाठीशी असायचा. त्यामुळे पिक्चरमधला प्रत्येक शब्द, प्रत्येक ढोल, प्रत्येक हुंदका आधी माझ्या विणीतून जायचा आणि मग लोकांपर्यंत पोहोचायचा.

मित्रांनो, एक गुपित सांगतो. लोकांना वाटायचं मी सतत उजळलेला असतो. तसं नव्हतं. त्या जुन्या यंत्रात दर दोन चित्रांच्या मध्ये अंधार असायचा. पापणी लवावी इतकाच, म्हणून माणसांच्या डोळ्यांना तो कळायचा नाही. मला मात्र कळायचा. एक चित्र गेलं, अंधार. दुसरं आलं, अंधार. प्रत्येक वेळी वाटायचं, आता पुढचं चित्र येणारच नाही. आणि जिथे चित्रपट कापून जोडलेला असायचा, तिथे तर अंधारानंतर भलतंच काही यायचं. आत्ता इथे आई चुलीशी होती, आणि आता तिच्या जागी विहीर. दमयंतीबाईंना बघून मीही एक नेम धरला होता. अंगावर जे पडेल ते खेळ संपला की सोडून द्यायचं, काहीही धरून ठेवायचं नाही. तो नेम मी पाळला. किती राजे, किती राक्षस येऊन गेले, एकाचाही डाग माझ्यावर नाही. भीती मात्र सोडता आली नाही. ती विणीतच राहिली.

मग घरोघरी टीव्ही आले. तंबू लागेनासा झाला. मला घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलं, बरोबर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि झाकण लावलं. त्या पेटीबद्दल मी जास्त बोलत नाही. तिथला अंधार पापणी लवण्याइतका नव्हता. बाहेर उंदीर पत्रा कुरतडायचे आणि मी मनात म्हणायचो, देवा, पुढचं चित्र केव्हा येणार?

ते आलं एका मुलीच्या रूपाने. दमयंतीबाईंची नात भाग्यश्री. ती बोईसरला लग्नांचे व्हिडिओ कापून जोडायचं काम करते. आजी गेल्यावर पेटी उघडली गेली, तेव्हा तिने मला नाकाशी धरलं, शिंकली, आणि म्हणाली, "हा मला हवा."

कारखान्यात जाणाऱ्या लोकांची सालवडमध्ये खूप मुलं आहेत. दर रविवारी दुपारी भाग्यश्री सभागृहात त्यांना पिक्चर दाखवू लागली. नुसता दाखवायचा नाही, उलगडून दाखवायचा. आता यंत्र घरघरत नाही. एक छोटा प्रोजेक्टर, एक लॅपटॉप, आणि माझ्या पाठीशी आजोबांच्या वेळचाच आवाजाचा खोका. त्याला पुढे एक गोल बटण आहे. खिडक्यांना पुठ्ठे लावले की अंधार होतो. फक्त वरच्या जाळ्या उघड्या राहतात, कारण त्यांना झडपाच नाहीत.

सभागृहात आणखी एक बाई असायच्या, मैनाबाई. मूळच्या मराठवाड्याच्या. त्यांचे यजमान रामकिसन एका कारखान्यात रखवालदार. मैनाबाई कोपऱ्यात शिलाई मशीन टाकून कापडी पिशव्या शिवायच्या. त्यांच्या मांडीवर एक लांब काळी कात्री असायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "भाग्यश्री, किती दणकट कापड हाय गं माय. सिनेमाला कामून वाया घालतीस? पिशव्या किती निघतील ह्याच्यात."

मुलं हसली. मी हसलो नाही. त्या दिवसापासून माझी नजर सिनेमापेक्षा त्या कात्रीवरच जास्त असायची.

भाग्यश्रीची शिकवायची रीत ठरलेली होती. प्रसंग आधी मुका बघायचा. मग आवाज चालू ठेवून चित्र झाकायचं. मग दोन्ही एकत्र. आणि दर वेळी तिचा एकच प्रश्न, "सांगा, तुम्हाला जे वाटलं ते कशामुळे वाटलं?"

एकदा तिने जुना काळा-पांढरा चित्रपट लावला. एक बाई कंदील घेऊन जिना चढते आहे, एवढंच. कॅमेरा खाली उभा, हलत नाही. बाईची सावली भिंतीवर तिच्याहून मोठी. मुकं बघताना मुलं कंटाळली. भावेश नावाचा एक तोंडाळ मुलगा म्हणाला, "लिफ्ट नाही का यांच्याकडे?" मग चित्र झाकलं आणि नुसता आवाज ऐकवला. पावलं, पावलं, पायरीची करकर, आणि मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ला सगळी मुलं एकमेकांना चिकटली. भावेशही.

मग तिने हल्लीचा एक चित्रपट लावला. मोटारींचा पाठलाग. माझ्या अंगावर चाक, डोळे, काच, हात, पुन्हा चाक असं इतक्या झरझर आलं की मला कशाचीच ओळख पटेना. जुन्या चित्रपटाचा उजेड अंगावर उन्हासारखा रेंगाळायचा, हा तर फटाक्याच्या ठिणग्यांसारखा. आणि खालून एक घुमणारा आवाज, न थांबणारा, कारखान्याच्या पंख्यासारखा.

"यात भीती कुठे आहे?" भाग्यश्रीने विचारलं.

"गाडी ठोकेल ना," भावेश म्हणाला.

"मग आवाज बंद करून बघू."

आवाज बंद केला. मुलं बघत राहिली आणि हळूहळू हसायला लागली. एवढा मोठा माणूस एवढं मोठं तोंड उघडतोय आणि आवाजच नाही.

"म्हणजे ते आपल्याला विचार करायला वेळच देत नाहीत," भाग्यश्री म्हणाली. "जुना चित्रपट म्हणतो, थांब, बघ, आता काय होईल? हा म्हणतो, पळ. भीती दोन्हीकडे आहे, पण ती घालण्याची रीत वेगळी."

एकदा तर तिने मैनाबाईंचाच चेहरा फोनवर टिपला. त्यांना सांगितलं, नुसतं समोर बघा. मग तोच चेहरा तिने एकदा भाकरीच्या ताटाशी जोडला, एकदा रिकाम्या पाळण्याशी, एकदा सापाशी. मुलं म्हणाली, पहिल्यांदा मावशीला भूक लागली आहे, दुसऱ्यांदा मावशी रडणार आहे, तिसऱ्यांदा मावशी घाबरली आहे.

मैनाबाई मशीन थांबवून म्हणाल्या, "मी तर त्या वक्ताला गॅसवरची डाळ जळंल का ह्याचा विचार करत व्हते."

"हीच तर कापण्या-जोडण्याची गंमत," भाग्यश्री म्हणाली. "चेहरा तोच. शेजारी काय ठेवलं त्यावर अर्थ."

मी ऐकत होतो. कापण्यात गंमत असते हे मला काही केल्या कळत नव्हतं.

याच मुलांमध्ये जमुना होती. बाप जिवल्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करायचा. डोंगराकडच्या पाड्यावर त्यांची थोडी शेती, पावसाचं भात झालं की तो इकडे कामाला यायचा, आणि आता लेकीसह सालवडलाच खोली घेऊन राहिला होता. आदल्या वर्षी त्यांच्या खोलीजवळच्या एका कारखान्यात स्फोट झाला होता. जिवल्याला काही झालं नाही. पण जमुना त्या वेळी दारात भांडी घासत होती. त्या दिवसापासून तिने कानात बोटं घातली ती घातलीच. कुकरची शिट्टी झाली की बोटं कानात. रिक्षाचा हॉर्न वाजला की बोटं कानात. शाळेजवळ शिफ्टचा भोंगा मोठ्याने ऐकू येतो, म्हणून तिने शाळाच सोडली.

जिवल्या तिला घेऊन आला तेव्हा दाराशीच उभा राहिला. "बाई, हिला बसवा कुठं तरी. शाळेतले बोलले, आता नाय आली तं नाव काढून टाकू. मी काय करू? तिला उचलून नेली तं रस्त्यातून पळून येतेय."

"इथे आवाज असतो हो," भाग्यश्री म्हणाली.

"आवाज कुठं नाय, बाई? आमच्या इथं तं हवेला पण आवाज हाय."

जमुना मुलांमध्ये बसायला तयार नव्हती. ती सरळ माझ्या मागे जाऊन बसली, भिंत आणि मी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, खोक्याला टेकून. तिला वाटलं, तिथे कोणी बघणार नाही. मी तर होतो. तिच्या श्वासाने माझा काठ हलायचा. आणि मित्रांनो, खरं सांगतो, माझ्यासारखंच भिणारं कोणीतरी इतक्या जवळ आहे, याचं मला बरं वाटलं.

भाग्यश्री तिच्याजवळ उकिडवी बसली. "हे बटण बघ. इकडे फिरवलं की आवाज मोठा, तिकडे फिरवलं की शून्य. आजपासून हे तुझ्याकडे. तुला नको असेल तेव्हा तू शून्य कर. कोणी काही म्हणणार नाही."

"भावेश बोलंल," जमुना म्हणाली.

"बोलू दे."

सुरुवातीला सगळे चित्रपट मुकेच झाले. भावेश ओरडायचा, "ए जमुना, झोपलीस का मागे?" हळूहळू बटण थोडं वर जाऊ लागलं. पाण्याचा आवाज चालला. बासरी चालली. दार आपटलं की झर्रकन शून्य. पण बटण फिरवायला हात लागतो, आणि हात कानात असला की बटण फिरवता येत नाही. म्हणून एक बोट कानाबाहेर आलं. मग दुसरंही. मागून उलटं दिसणारं चित्र ती डोळे मोठे करून बघायची आणि मला हळूच सांगायची, "आता दार वाजंल बघ. गाणं थांबलं ना, म्हणजे कायतरी होनार." तिचं बरोबर असायचं. आवाज येण्याआधीची शांतता तिला जेवढी ओळखता यायची तेवढी कोणालाच नाही. इतके दिवस भीतभीत तिने दुसरं केलं काय होतं?

मग भाग्यश्री एके दिवशी म्हणाली, "पुढच्या रविवारी एक जुना युद्धाचा चित्रपट आहे. त्यात भोंगा आहे. जमुना, तुला चालेल?"

जमुनाने बटण शून्यापर्यंत फिरवून पाहिलं. "आधी मुका दाखवाल ना?"

"आधी मुकाच."

"मग चालंल. तो ऐकला तं मी शाळेत जाईन."

हे तिने बापाला सांगितलं. जिवल्या त्या आठवड्यात दोनदा सभागृहात डोकावून गेला. मला वाटतं, तो बटणच बघायला आला होता.

तो रविवार आला. जिवल्या दुपारच्या पाळीला गेला होता. मैनाबाई मशीनवर होत्या. मुलं बसली, पुठ्ठे लागले, उजेड माझ्यावर पडला. एक शहर. रिकामा रस्ता. मग घराघरांतून माणसं बाहेर येतात, वर बघतात आणि तळघराकडे पळतात. विमान कुठेच दाखवलेलं नाही. फक्त वर वळलेले चेहरे, एकामागून एक. चेहरा, चेहरा, पायऱ्या, चेहरा.

आणि भोंगा वाजू लागला.

माझ्या अंगावर चेहरे पळत होते आणि भोंगा वाजत होता. ते इतकं जुळून आलं होतं की कोणाला काही वावगं वाटलं नाही. मला मात्र वाटलं. चित्रपटाचा आवाज नेहमी माझ्या पाठीतून शिरतो आणि पोटातून बाहेर पडतो. या वेळी पाठीतून काहीच शिरलं नव्हतं. खोका गप्प होता. आवाज वरच्या जाळीतून, कुशीकडून येत होता. माझा धागा न् धागा गोठला. मला ओरडून सांगायचं होतं. पण पडद्याला स्वतःचा आवाज नसतो, मित्रांनो. तो कायम दुसऱ्याचाच असतो.

"ए जमुना," भावेश ओरडला, "मुकं बघायचं ठरलंय ना? बटण खाली कर."

भावेश मान लांब करून माझ्या काठापलीकडे बघू लागला.

"घाबरली वाटतं. उलट्या बाजूला फिरवलंस की काय?"

मुलं हसली. मैनाबाई मशीन न थांबवता म्हणाल्या, "शिफ्ट सुटली असंल रे. बघा गप."

इथे भोंग्याला कोणी उठत नाही. भोंग्यावर इथे चहा होतो, डबे भरले जातात, मुलं झोपवली जातात. दिवसातून इतक्यांदा वाजणाऱ्या गोष्टीला माणूस किती वेळा घाबरणार? म्हणूनच कोणी हललं नाही.

जमुना माझ्या मागे खोक्याला चिकटून बसली होती. तिची दोन्ही बोटं कानांपर्यंत गेली होती. मग एक हात खाली आला. तिने बटण चाचपलं. पुन्हा चाचपलं. आणि ती माझा काठ बाजूला सारून पुढे आली, सरळ प्रोजेक्टरच्या उजेडात. तिच्या तोंडावर युद्धाचे चेहरे पळत होते.

"बटण शून्यावर हाय," ती म्हणाली. "तरी वाजतंय."

भाग्यश्री उठली. तिने खोक्याची वायर ओढून हातात घेतली. भोंगा वाजतच होता.

"शिफ्टचा असेल गं," ती म्हणाली, पण तिचा स्वर पडला होता.

"शिफ्टचा सरळ वाजतो. हा वरखाली होतेय. वर जातेय, खाली येतेय. मागच्या वर्षी असाच वाजलेला."

मशीन थांबलं. आता सगळ्यांना ऐकू आलं. चढता, उतरता, चढता, उतरता. आणि त्यापाठोपाठ जाळीतून एक वास आला, घशाला टोचणारा.

कोणीतरी रडायला लागलं. दोन मुलं दाराकडे धावली. जमुना त्यांच्याही पुढे होती. "माझा बापूस तिकडं हाय," ती म्हणत होती. भाग्यश्रीने तिला दंडाला धरून थांबवलं.

"तिकडे नाही. जमुना, ऐक. तिकडे नाही जायचं."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं, ते मला आधी कळेना. जाळीतून आलेला वारा माझ्यात भरला होता आणि मी शिडासारखा दाराच्या दिशेने फुगलो होतो.

"वारा कारखान्याकडून दाराकडे जातोय," ती म्हणाली. "समोरच्या रस्त्याने पळालो तर वास आपल्याबरोबरच येईल. मागच्या दाराने निघायचं आणि वाऱ्याला आडवं जायचं. शाळेकडे. रुमाल ओले करा, नाकाला लावा."

रुमाल दोघा-तिघांकडेच होते. पिशव्यांचं कापड घट्ट विणीचं, त्यातून श्वास येईना; माझी वीण मात्र वर्षानुवर्षांच्या वापराने सैल झालेली. मैनाबाईंनी स्वतःचा पदर टरकन फाडला आणि दोघांना दिला. मग त्यांनी कात्री उचलली आणि त्या माझ्याकडे आल्या.

मित्रांनो, या क्षणाला मी जन्मभर भ्यालो होतो. त्यांनी माझा खालचा काठ हातात घेतला. पातं थंड होतं, अगदी तसंच थंड. क्षणभर त्या थबकल्या, माझ्या काठाला कपाळ लावलं आणि पुटपुटल्या, "माफ कर बाबा." मग कात्री चालली. कर्र, कर्र. मी एकाचे दोन झालो, दोनाचे चार झालो, मग मोजणंच सुटलं. पिण्याच्या पाण्याचा घडा उपडा करून त्यांनी ते तुकडे भिजवले आणि प्रत्येक मुलाच्या तोंडाला एकेक बांधला. भावेशच्या हातून गाठ बसेना. जमुनाने बांधून दिली.

मुलं मागच्या दाराने गेली. आणि माझं काय झालं सांगू? मी दोन्हीकडे होतो. वरचा अर्धा दोरीवर, रिकाम्या सभागृहात. खालचा अर्धा मुलांच्या तोंडावर, शाळेच्या वाटेवर. भाग्यश्री शिकवायची, इकडचं थोडं दाखवा, तिकडचं थोडं दाखवा, म्हणजे बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तो टांगणीला लागलेला जीव त्या दिवशी माझा होता.

तिकडे वाटेवर जमुनाचा श्वास माझ्या तुकड्यातून गरम गरम येत होता. तिचे डोळे चुरचुरत होते. कानांत बोटं नव्हती. तिच्या एका हातात एका लहान मुलीचा हात होता आणि दुसऱ्याने ती मला नाकाशी दाबून धरत होती.

इकडे सभागृहात प्रोजेक्टर अजून चालू होता. माझ्या उरलेल्या अर्ध्यावर लोक तळघरात बसले होते. दारातून जिवल्या आत आला. कपड्यांवर पांढरी भुकटी, डोळे लाल. त्याने रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं, मुलांच्या राहिलेल्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्या फाटलेल्या अंगाकडे. तो माझ्या मागे आला. खोक्याजवळची जागा हाताने चाचपून पाहिली. "जमू," तो म्हणाला. मोठ्याने नाही. जमुनाला मोठा आवाज चालत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. "जमू, कुठं हाय तू?"

मला माहीत होतं ती कुठे आहे. आणि मला सांगता येत नव्हतं. त्याहून मोठी भीती मी तंबूत, पेटीत, कुठेच सोसली नाही.

मग त्याला जमिनीवर ओल्या पावलांची रांग दिसली. घड्याचं पाणी सांडलं होतं त्यातून मुलं गेली होती. पावलं मागच्या दाराकडे जात होती. तो त्यांच्यामागे धावला.

शाळेच्या ओट्यावर मुलं बसली होती. भाग्यश्री एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत होती. जिवल्या आला आणि पायरीवरच बसला. जमुनाने तोंडावरचा माझा तुकडा सोडला आणि त्याच्या तोंडाला लावला.

"ओला हाय," ती म्हणाली. "यातून घे श्वास."

"तू कुठं बसलीस, कळतेय का तुला?" त्याने विचारलं.

तिने मागे वळून पाहिलं. शाळेचं दार होतं. आणि तेव्हाच भोंगा पुन्हा वाजला, या वेळी सरळ, एकाच सुरात, लांबलचक.

"संपलं," जमुना म्हणाली. तिचे हात मांडीवरच होते.

त्या दिवशी कारखान्यातली वायुगळती लवकर आवरली. काहींचे डोळे दुखले, काहींना खोकला राहिला. रामकिसन उशिरा घरी आले, पण आले. मैनाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मी मात्र दोरीवर अर्धाच लटकत होतो. मला वाटलं, आता पिशव्याच. एके सकाळी मैनाबाई आल्या, बरोबर एक बोचकं होतं. मुलांनी तुकडे आणून दिले होते. त्यांनी ते धुतले, वाळवले, माझ्याशी एकेक लावून पाहिले. एक तुकडा आला नव्हता. तो जमुनाने ठेवून घेतला, तिच्या दप्तरात आहे. त्या जागी मैनाबाईंनी रामकिसनच्या जुन्या धोतराचं ठिगळ लावलं. शिवताना त्या बोलत नव्हत्या. त्यांचा तसा काही नेम नव्हता. पण डोळ्यांपुढे मला दमयंतीबाईच दिसत होत्या, आणि त्यांचं ते कापण्या-जोडण्याचं वाक्य आठवत होतं. ते पटायला मला एवढं आयुष्य लागलं.

आता मी पुन्हा टांगलेला आहे. माझ्यावर चेहरा पडला की त्याच्या हनुवटीवरून शिवण जाते. ठिगळाच्या कोपऱ्यात सगळे चित्रपट थोडे पिवळे दिसतात. भावेश म्हणतो, तिथे कायम संध्याकाळ असते.

मित्रांनो, मी अजून भित्रा आहे. कात्री दिसली की अजून शहारतो. तुम्हालाही भीती वाटेल, पडद्यावर वाटेल आणि बाहेरही वाटेल. तेव्हा एवढं करा. आवाजाचं बटण शून्यावर आणा आणि कान देऊन ऐका, काही उरतंय का. नाही उरलं तर मनसोक्त हसा. उरलं तर उठा, आणि शेजारी कोणी कानांत बोटं घालून बसलं असेल तर त्याचा हात धरा. आणि घरात एखादं जुनं कापड पेटीत पडलं असेल तर त्याला कधीतरी ऊन दाखवा. तेही अंधाराला भीत असतं.

गेल्या रविवारी भाग्यश्रीने तोच युद्धाचा चित्रपट पुन्हा लावला. रविवार असूनही जमुना शाळेचा गणवेश घालूनच आली होती आणि नेहमीच्या जागी, माझ्या मागे बसली. मुका प्रसंग झाला. रिकामा रस्ता पुन्हा आला, चेहरे वर वळले.

"आता आवाजासकट," भाग्यश्री म्हणाली. "जमुना, तुला जमेल तेवढाच."

ती खोक्याला टेकून सरळ बसली. मग तिने एक हात माझ्या ठिगळावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने बटण हळूहळू वर फिरवलं. भोंगा माझ्या पाठीतून शिरला आणि पोटातून बाहेर पडला. मी थरथरलो. तिचा हात ठिगळावरून हलला नाही.